भावजींसाठी मागणं

रात्री जेवणं झाली की आमच्याकडे आई प्रार्थना करते. आजारी माणसं, परीक्षेला बसलेली पोरं, पाऊसपाणी असं सगळं मागून झालं की शेवटचं वाक्य ठरलेलं असतं, "देवा, भावजींचं मन पालट." भावजी म्हणजे माझे थोरले काका. गावाकडच्या उसाच्या रानात बांधावरून सुरू झालेलं भांडण कोल्हापूरच्या कोर्टात पोचलं, त्याला नऊ वर्षं झाली. काका आमच्याच चर्चला येतात. ते उजवीकडच्या बाकावर, आम्ही डावीकडे.

एकदा वैतागून मी म्हणालो, "पालटायचं असतं तर एव्हाना पालटलं नसतं का?"

"मागायला काय जातंय रं?" आई म्हणाली.

पण काहीतरी जातं, असं मला वाटायचं. आजारी माणसाला बरं कर म्हणणं वेगळं, कारण त्यालाही तेच हवं असतं. मन मात्र ज्याचं त्याचं असतं. ते बदल म्हणून परस्पर देवाकडे अर्ज करायचा, हा काकांवर अन्यायच नाही का? (वकील न लावता केलेला दावा, असं मी गमतीनं म्हणायचो. आईला ती गंमत आवडली नाही.)

धीटपणे मागावं, ही शिकवण येशूचीच. लूकच्या शुभवर्तमानात एक माणूस मध्यरात्री मित्राचं दार ठोठावून भाकरी मागतो. त्याच्या चिकाटीसाठी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे, त्याचा अर्थ चक्क निलाजरेपणा असा होतो. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो, पण एक बाब फार उशिरा लक्षात आली. त्या माणसानं ठोठावलेलं दार देवाचं आहे. ज्याचं मन बदलायचं, त्याच्या दाराला हात लावायची परवानगी गोष्टीत कुठेच नाही.

1863 साली आपल्या कोल्हापुरात एका अमेरिकन मिशनऱ्याच्या घरी रॉबर्ट वाइल्डर जन्मला. पुढे अमेरिकेत तो आणि त्याची बहीण ग्रेस मिळून प्रार्थना करायचे, की कॉलेजातली पोरं मिशनच्या कामाला परदेशी जायला तयार व्हावीत. 1886 मध्ये माउंट हर्मनच्या विद्यार्थी शिबिरात सुमारे शंभर जण तयार झालेही. मोठीच गोष्ट. पण खरं सांगू? शंभर अनोळखी पोरांसाठी मागणं मला सोपं वाटतं. त्यांच्याशी बांधाचं भांडण नसतं.

घरातल्या माणसाचं काय होतं, ते टिळकांच्या घरात दिसतं. नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. सोवळ्याओवळ्यात वाढलेली बाई, पदरात लहान दत्तू. काही वर्षं नवरा-बायको वेगळे राहिले. बायकोनं आपल्या वाटेनं यावं असं टिळकांना वाटत होतं, त्यासाठी त्यांनी प्रार्थना केली नसेल असं मानणं अवघड आहे. पण लक्ष्मीबाई परत आल्या त्या आपलं सोवळं सोबत घेऊनच, आणि ते त्यांना पाळू दिलं गेलं. जात देवानं केली की माणसानं, हा विचार त्यांचा त्यांनीच केला. आधी सोवळं गळलं, बाप्तिस्मा नंतर, 1900 साली. हे सगळं त्यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये स्वतःच्या तोंडानं सांगितलंय, आणि नवऱ्याच्या चुका तिथे अजिबात झाकलेल्या नाहीत. पालटलेलं मन असं हिशेब मागतं! टिळकांच्या मागण्यात दडपण किती आणि वाट पाहणं किती, हे मला ठरवता येत नाही. दोन्ही असावं. पण बाईंच्या वेगळ्या पाण्याच्या हंड्याशेजारी राहणं, हे मला कुठल्याही प्रार्थनेपेक्षा धीट वाटतं.

आईनं काकांना कधी सांगितलेलं नाही, की मी तुमच्यासाठी प्रार्थना करते. सांगितलं असतं तर तो टोमणा झाला असता. आमच्या चर्चमध्ये असे टोमणे 'प्रार्थना विनंती' म्हणून मोठ्यानं मारले जातात, तो विषय वेगळा.

माझी अडचण दुसरीच निघाली. दमास्कसच्या हनन्याला देव सांगतो, की शौलाकडे जा. ख्रिस्ती माणसांची धरपकड करायला निघालेल्या शौलाचं मन पालटलंय, आणि हनन्या कुरकुरतो. हा माणूस कसा आहे ते मला ठाऊक आहे, असं देवालाच ऐकवतो. शेवटी जातो, त्याच्या डोक्यावर हात ठेवतो आणि त्याला भाऊ म्हणतो. ती कुरकुर माझी आहे. काका उद्या दारात आले तर मला खुर्ची पुढे सरकवावी लागेल. त्यांना ऐकवायला नऊ वर्षं घोटून ठेवलेली वाक्यं गिळावी लागतील. म्हणून मी आजवर त्यांच्यासाठी एकदाही काही मागितलेलं नाही. न्याय, अन्याय, स्वातंत्र्य हे सगळं मी नंतर जुळवलं.

परवा आईला विचारलं, "आणि खरंच आले तर?"

ती भांडी विसळत होती. "त्येचंच तर भ्या वाटतंय," म्हणाली. "तरी मागती."

कोर्टाची पुढची तारीख बावीसची आहे.