मातीचा किल्ला आणि खरी माणसे

दिवाळी जवळ आली की महाराष्ट्रातील मुले अंगणात मातीचा किल्ला उभारू लागतात. दगडविटांवर चिखलाचे लिंपण चढते, उतारांवर हळीव पेरले जातात, माथ्यावर महाराजांचे सिंहासन येते आणि बाजारातून आणलेली मावळ्यांची चित्रे बुरुजांवर पहारा करू लागतात. वडील मंडळी हे सारे कौतुकाने पाहतात. परंतु या खेळात नीतीचा काही प्रश्न असेल अशी शंका कोणास येत नाही. आम्हांसही ती कधी आली नव्हती.

पनवेलच्या बाजूस, उरणच्या मोरा बंदरावर आमचे एक स्नेही राहतात. गेल्या दिवाळीत आम्ही भाऊच्या धक्क्यावरून लाँचने त्यांच्याकडे गेलो. त्यांच्या मुलाने रायगड किंवा प्रतापगड न करता खांदेरीचा जलदुर्ग केला होता. पाण्याने भरलेल्या मोठ्या घमेल्यात मातीचे बेट, आणि भोवती कागदी जहाजांचे दोन ताफे. प्रसंग 1679 सालचा. थळच्या किनाऱ्यासमोरील या बेटावर महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी यांनी तटबंदीचे काम आरंभिले, आणि मुंबईकर इंग्रजांनी ते बंद पाडण्याचा प्रयत्न केला. ‘रिव्हेंज’ नावाची फ्रिगेट आणि तिच्यासोबत गुराबा, शिबाडे, मचवे असा त्यांचा ताफा होता. 18 ऑक्टोबरच्या लढाईत त्यांची ‘डव्ह’ ही गुराब मराठ्यांच्या हाती पडली. पुढे जानेवारी 1680 मध्ये इंग्रजांनी तह करून माघार घेतली.

देखावा पाहता पाहता आमची दृष्टी इंग्रजांच्या मचव्यांवर गेली. त्यांत वल्ह्यांपाशी मुलाने कोळ्यांची चित्रे बसविली होती. आम्ही म्हटले, “बाळ, आपली माणसे शत्रूच्या होडीत कशी? काढ ती.” तो म्हणाला, “काका, मग वल्ही कोण मारीत होते?” आम्ही हसलो आणि पुन्हा म्हटले, “काढ.” त्याने निमूटपणे ती काढली.

परतताना लाँचमध्ये आम्हांस एक जुनी हकीकत आठवली. विल्यम सिबोर्न नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1830 साली वॉटर्लूच्या रणभूमीवर कित्येक महिने राहून तिची मोजणी केली, अनेकांची पत्रे मागवून माहिती जमविली आणि हजारो इवल्याशा धातूच्या सैनिकांचा देखावा 1838 मध्ये लंडनात मांडला. त्यात निर्णायक घटकेस प्रशियन सैन्य बरेच पुढे आलेले दिसत होते. ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांस ते रुचले नाही, कारण त्यामुळे विजयाचे श्रेय विभागले जात होते. अखेर सिबोर्नने प्रशियनांची पुष्कळ चित्रे उचलून घेतली. ही गोष्ट आम्ही विद्यार्थ्यांस अनेकदा तुच्छतेने सांगितली आहे. आणि मोऱ्याच्या अंगणात आम्ही नेमके तेच केले होते!

मुलाचा प्रश्न बिनतोड होता. मुंबईत उभ्या केलेल्या त्या देशी जहाजांवर इथलेही खलाशी होते. ते पोटासाठी गेले की सक्तीने, प्रत्येकाच्या मनातले आज कोण सांगणार? पण ते तेथे होते. उलट बाजूस मराठी आरमाराचे एक प्रमुख दौलतखान होते. म्हणजे त्या समुद्रावर ‘आपले’ आणि ‘परके’ यांची विभागणी आमच्या सोयीप्रमाणे झालेली नव्हती.

कोणी म्हणेल, मुलांच्या खेळात इतका काथ्याकूट कशास? कोवळ्या वयात अभिमान रुजू द्यावा. बारकावे पुढे कळतीलच. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. अभिमानावाचून इतिहासाची गोडी लागत नाही. परंतु अभिमानासाठी एखादे चित्र लपवावे लागत असेल, तर तो अभिमान चिखलाच्या लिंपणासारखाच कच्चा. पहिल्या सरीबरोबर तो वाहून जाणार. मायनाकांचा पराक्रम वल्हेकऱ्यांच्या चार चित्रांनी तसूभरही उणा होत नाही. उलट, समोर कोण होते हे कळल्यावाचून त्या विजयाचे मोल तरी कसे कळावे? पुस्तकात लेखकास “बहुधा”, “असे म्हणतात” अशी पळवाट असते. देखाव्यात ती नाही. तेथे माणूस एक तर उभा असतो, नाही तर नसतो. म्हणून चित्र मांडणाऱ्या हातावर लेखणीहून मोठी जबाबदारी येते.

2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत खांदेरीही आहे. त्या बेटाकडे आता पुष्कळांचे लक्ष जाईल आणि त्याचे देखावेही अनेक होतील. ते करणाऱ्यांस आमचे सांगणे एवढेच, की वल्ही रिकामी ठेवू नका.

घरी पोचताच आम्ही त्या मुलास पत्र लिहिले: “चूक आमची होती, कोळी पुन्हा बसव.” पत्र पोचेपर्यंत किल्ला मोडला गेला होता. चित्रे मात्र त्याने डब्यात जपून ठेवली आहेत असे उत्तर आले. येत्या दिवाळीत मोऱ्यास जाऊन ती आमच्या हाताने मचव्यांत बसवावी असा विचार आहे.