पहिल्याने खुर्ची कधी सोडावी?

सोलापूर जिल्ह्यातल्या वेळापुरात यादवकाळातले मराठी शिलालेख आहेत. शके 1222 च्या लेखात राजा रामचंद्रदेवाबरोबर त्याच्या देशाधिकाऱ्याचंही नाव येतं: ब्रह्मदेवराणा. परंपरेने ज्ञानेश्वरी पूर्ण झाली ती शके 1212 मध्ये, याच राजाच्या अमलात. म्हणजे कर्म कसं करावं आणि त्याचं फळ कसं सोडावं हे मराठीत सांगून झाल्यावर दहाच वर्षांत एक अधिकारी आपलं नाव दगडात कोरून ठेवत होता. त्यात गैर काही नाही. अधिकार आला की नाव राहावंसं वाटतंच. आज ज्ञानेश्वर माउलींची पालखी माळशिरसहून निघून याच गावात मुक्कामाला येते.

सोडणं म्हणजे काय, याचा निवाडा गीतेच्या अठराव्या अध्यायात आहे. फळ सोडावं, विहित कर्म सोडू नये. शरीराला त्रास होतो म्हणून काम टाकलं तर तो राजस त्याग, त्याचं पुण्यही पदरात पडत नाही. मनुस्मृतीचा हिशेब निराळा आहे: देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणं फेडली की माणूस मोक्षाकडे वळायला मोकळा. पण या दोन्ही विचारांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती म्हणजे जे काम सोडायचं, ते सोडणाऱ्याचं स्वतःचं असतं. ज्याच्या समाजातला कुणीच त्या खुर्चीत आधी बसलेला नाही, त्याचं काय? ती खुर्ची त्याची एकट्याची कुठे असते?

सोलापूर जिल्ह्यातच या प्रश्नाचं एक जुनं रूप मंगळवेढ्याला सापडतं. दामाजीपंत बहामनी अमलातले अधिकारी. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारं लोकांसाठी खुली केली. बादशहाचा दंड कोसळणार, तोच विठू महार नावाचा माणूस बिदरच्या दरबारात धान्याची रक्कम भरतो, रीतसर पावती घेतो आणि नाहीसा होतो. तो साक्षात पंढरीचा विठ्ठल, अशी श्रद्धा आहे. दामाजींनी पुढे चाकरी सोडली, असंही कथा सांगते. कीर्तनात ही पावती रंगवून सांगतात आणि ती आहेच रंगवण्याजोगी. पण लोकमानसाने देवाला महाराच्या वेशात दरबारात पाठवलं. खऱ्या महाराला तिथे मानाने शिरायला पुढे कित्येक शतकं लागली. त्याच मंगळवेढ्यात महार संत चोखोबा वारले आणि त्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारासमोर झाली. आत नव्हे, दारात. देवळाचं दार दलितांना उघडलं ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, 1947 मध्ये.

या पार्श्वभूमीवर सुशीलकुमार शिंदे यांची वाटचाल पाहावी. जन्म 1941, सोलापूरचं गरीब दलित कुटुंब. सोलापूरच्या न्यायालयात शिपायाची नोकरी, मग पोलिसांत फौजदारी. फौजदारी सोडून राजकारण. 1974 मध्ये करमाळ्यातून आमदार. जानेवारी 2003 मध्ये ते महाराष्ट्राचे पहिले दलित मुख्यमंत्री झाले, नंतर आंध्र प्रदेशचे राज्यपाल आणि देशाचे गृहमंत्री. कोर्टाच्या दारात हुकमाची वाट पाहणारा माणूस हुकूम सोडणाऱ्या खुर्चीपर्यंत पोचला. 2014 आणि 2019 अशा दोन लोकसभा निवडणुका ते हरले. दुसऱ्या वेळी त्यांना हरवलं ते गौडगावच्या मठाधिपतींनी. संसार सोडलेला माणूस संसदेत गेला आणि संसारी माणूस घरी परतला. आश्रमव्यवस्था लिहिणाऱ्यांना हे सुचलं नसतं. 2023 मध्ये शिंद्यांनी आपण थांबत असल्याचं आणि पुढची उमेदवार कन्या प्रणिती असल्याचं जाहीर केलं.

इथे ऋणाचा प्रश्न टोकदार होतो. अशा माणसावर शास्त्रातल्या तिघांखेरीज आणखी एक ऋण असतं, दाराबाहेर राहिलेल्यांचं. डॉ. आंबेडकरांनी 1956 मध्ये आग्र्याला शिकल्यासवरल्या लोकांनी दगा दिल्याची जी व्यथा बोलून दाखवली, ती याच न फेडलेल्या ऋणाची होती. मग खुर्ची लेकीला दिली की ऋण फिटलं? घराणेशाही म्हणून टीका झाली आणि ती रास्त आहे. मात्र प्रणिती शिंदे 2024 मध्ये खासदार होण्याआधी सोलापूर शहर मध्य या खुल्या मतदारसंघातून तीनदा आमदार झाल्या होत्या, हेही नोंदवायला हवं. वडिलांना राखीव करमाळ्यातून सुरुवात करावी लागली, मुलीला आमदार व्हायला राखीव जागा लागली नाही. एका घरापुरतं का होईना, दार थोडं रुंद झालं.

पण हे राज्याच्या पातळीवरचं झालं. गावात सोडायचं कधी, हे ठरवायला मिळतच नाही. 73 व्या घटनादुरुस्तीनंतर सरपंचपदाचं आरक्षण आळीपाळीने फिरतं. पाच वर्षं झाली की सोडत निघते आणि फायली, निविदा, ग्रामसेवकाची टाळाटाळ हे सगळं नुकतं कळू लागलेली दलित सरपंचबाई पदावरून उतरते. तिचा त्याग सात्त्विक की राजस, हे विचारायची सोय नाही, कारण तो तिने केलेलाच नसतो. तिच्याबाबत पाहायचं ते पुढच्या निवडणुकीत: पद खुलं असताना ती पुन्हा अर्ज भरते का, आणि भरलाच तर पारावरची मंडळी तिला उमेदवार म्हणून मोजतात, की अर्ज मागे घे म्हणून सांगायला तिच्या नवऱ्याकडे जातात.