पडद्याच्या अलीकडे

२७ जुलै २०१९. महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली होती आणि बदलापूरच्या शिरगावात आमच्या घरी सकाळपासून फोन वाजत होता. कोल्हापूरची मावशी, नाशिकचा भाचा, सगळ्यांचं एकच : ‘तुम्ही वरच्या मजल्यावर गेलात ना?’ आमच्या गल्लीत घोट्याएवढं पाणी होतं. तसं सांगितलं, तर मावशी म्हणाली, ‘अरे, पण टीव्हीवर तर सगळा समुद्र दिसतोय!’ हसू आलं. पण खिडकी सोडून मीही टीव्हीच बघत होतो.

माध्यमं माणसाचं काय करतात, या प्रश्नाला पहिलं उत्तर मिळालं ते सुईचं. वरून टोचलं की खाली भिनलं. महायुद्धांतला प्रचार पाहिलेल्या पिढीला ते पटण्यासारखंच होतं. मग पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या अमेरिकी निवडणुकीत ओहायोतल्या मतदारांना पुन्हा पुन्हा गाठलं. रेडिओ, वर्तमानपत्रं होतीच. पण मत ठरवताना ओळखीच्या जाणत्या माणसाचा शब्द जड ठरत होता.

हे आम्हाला पुस्तकाविना ठाऊक होतं. १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा आमच्या आळीत टीव्ही एकच, सरकत्या दारांच्या लाकडी पेटीतला. रविवारी ओट्यावर चपलांचा ढीग. एक जण कौलांवर चढून अँटेना फिरवी. ‘आलं का?’ ‘नाही, अजून मुंग्याच!’ आणि चित्र आलं की एक आजोबा प्रत्येक प्रसंगावर शेरा मारत. रावणाबद्दल आमचं मत दूरदर्शनपेक्षा त्या आजोबांनीच जास्त घडवलं असावं.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं १९७२ मध्ये. त्याच वर्षी माध्यम-अभ्यासक मॅककोम्ब्ज आणि शॉ यांचा निबंध आला : माध्यमं आपलं मत बदलोत न बदलोत, डोक्यात विषय कुठला घोळणार हे बरंचसं तीच ठरवतात. जॉर्ज गर्बनर आणखी पुढे गेले. रोज तासन्‌तास टीव्ही बघणाऱ्याला जग असतं त्याहून जास्त धोक्याचं वाटू लागतं, असं त्यांचं म्हणणं. पुढे त्यावर बरेच आक्षेप आले. तरी मावशीचं बदलापूर आठवलं की मला गर्बनरच पटतात. तिच्या लेखी आमच्या गावात पूर असतो, नाहीतर लोक आंदोलन करत रुळांवर बसलेले असतात. (२०१५ मध्ये तर आमच्या नावाचा सिनेमाही आला. नाव आमचं, सूड त्यांचा.) आजोबांसारखं कुणी शेजारी बसून ‘थांब, नीट बघ’ म्हणणारं तिच्या खोलीत आता नाही. माझ्याही नाही.

दुपारपर्यंत गाडीतले हजाराहून अधिक प्रवासी सुखरूप बाहेर काढले गेले, वाहिन्या दुसऱ्या बातमीकडे वळल्या. रात्री आमची वीज गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. एवढ्या वेळात फोन कोणाचाच आला नाही.