हळहळ आणि पश्चात्ताप : काही झरण्यांच्या निमित्ताने

फाउंटनपेनासाठी मराठीत 'झरणी' असा एक सुरेख शब्द होता. तो फारसा रुळला नाही. घराघरांत 'शाईचे पेन' हाच शब्द राहिला. पुढे वस्तूही मागे पडली. मागे पडलेल्या वस्तूंवर जीव लावणारी माणसे सगळीकडे असतात, तशी ती आमच्या शहापुरातही आहेत आणि आम्ही त्यांपैकीच एक. असे चार समानधर्मी जमले की प्रथम कुणाला नव्याने मिळालेले पेन हातोहात फिरते आणि मग, चहा येईपर्यंत, प्रत्येक जण आपापल्या चुका सांगू लागतो. कुणाच्या हातून पेन नेमके निबेवर फरशीवर पडलेले असते. कुणी वडिलांचे पेन रद्दीबरोबर देऊन टाकलेले असते. कुणी पाचपन्नास रुपयांची घासाघीस करताना हातातोंडाशी आलेले पेन गमावलेले असते.

या चुका सगळे एकाच सुरात सांगतात, हे आमच्या उशिरा लक्षात आले. निब मोडली आणि रद्दीत पेन गेले, दोन्हींसाठी शब्द एकच: 'फार वाईट वाटते.' आपली भाषा याहून अधिक काटेकोर आहे. तिच्यात हळहळ आहे, रुखरुख आहे, खंत आहे आणि पश्चात्तापही आहे. हळहळ दुसऱ्याच्या नुकसानीचीही वाटू शकते. रुखरुख राहून गेलेल्या गोष्टीची असते. खंत मनात मुक्काम करून राहते. पश्चात्ताप मात्र ज्याचा त्यालाच होतो आणि तो आपण केलेल्या कृत्याचाच होतो. दुसऱ्याच्या कृत्याचा पश्चात्ताप आपल्याला करता येत नाही. मग पेनांच्या संदर्भात आपण करतो ते यांपैकी काय? वस्तूचा अपराध होऊ शकतो का? या प्रश्नाने आम्हांला बरेच दिवस छळले आहे. त्याचे कारण आमच्याच दोन चुकांत आहे.

पहिली चूक वडिलांच्या पेनाची. ते काळ्या एबोनाइटचे होते. रबरात गंधक मिसळून ते तापवले की हा कठीण, शिंगासारखा पदार्थ तयार होतो. घासला तर त्याला गंधकाचा मंद वास येतो, आणि ऊन व ओलावा लागला की त्याचा काळा रंग तपकिरी, शेवाळी होऊ लागतो. आमच्याकडचा पावसाळा ठाऊक असणाऱ्याला ओलाव्याविषयी वेगळे सांगायला नको. हे ज्ञान आम्हांला आज आहे, तेव्हा नव्हते. वडील गेल्यानंतर ते पेन स्वच्छ करावे म्हणून आम्ही ते कोमट पाण्यात सोडा घालून रात्रभर बुडवून ठेवले. सकाळी पाहतो तो काळेभोर पेन शेणकुटाच्या रंगाचे झालेले. घाबरून आम्ही ते दागिने उजळणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराकडे नेले. त्याने यंत्रावर धरून वरचा थर काढला. पेन पुन्हा काळे झाले, चकाकू लागले. आणि त्या थराबरोबर वडिलांनी कधीकाळी बाजारात नाव कोरणाऱ्याकडून कोरून घेतलेले त्यांचे नावही गेले. कारागिराचा काही दोष नव्हता. 'नाव राखा' असे आम्हीच त्याला सांगितले नव्हते.

अशा चुका अज्ञानाच्या. त्यांची यादी मोठी आहे. चित्रकारांची लाखेचा अंश असलेली काळी शाई पेनात भरली की ती आत वाळून नळी कायमची चोंदते. सेल्युलॉइडचे पेन स्पिरिटने पुसले तर त्याचा पृष्ठभाग विरघळतो. शाळेत असताना आम्ही निब गुळगुळीत व्हावी म्हणून ती शहाबादी फरशीवर घासत असू. निबेच्या टोकाशी कठीण धातूचा एक इवलासा कण जोडलेला असतो आणि लिहिण्याचे सारे सुख त्या कणावर असते, हे कुणाला ठाऊक होते? तो कण घासून गेला की उरतो तो नुसता पत्रा. बाकावर बसून एकमेकांच्या पेनात शाईचे थेंब उधार घालण्याचे ते दिवस होते. अज्ञानही त्या थेंबांसारखेच या पेनातून त्या पेनात जाई.

अज्ञानातून झालेल्या चुकीचा पश्चात्ताप करावा का? आमचे मत असे, की ज्ञान सहज मिळण्याजोगे होते का, यावर ते अवलंबून आहे. सोड्याचा परिणाम आम्हांला कळण्याचा मार्ग नव्हता; त्याची हळहळ पुरे. पण पेनावर नाव आहे हे दिसत होते. ते डोळ्यांना दिसले आणि मनाला दिसले नाही. अज्ञान आणि अनवधान यांत हा भेद आहे. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आणि त्यात अक्षराच्या वळणाबरोबर लेखनाच्या साहित्याचाही विचार केला. जो विवेक मोठ्या कामात हवा तो बोरू तासण्यातही हवा, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो.

दुसऱ्या प्रकारच्या चुका हौसेच्या. संग्राहक पेन विकत घेतो, न्याहाळतो, मखमलीच्या पेटीत ठेवतो आणि चांगल्या प्रसंगाची वाट पाहतो. प्रसंग येत नाही. आतली रबरी पिशवी मात्र वाट पाहत नाही. ती कडक होते आणि एक दिवस तिचे तुकडे होतात. उरलेली शाई जिभेच्या खाचांत वाळून बसते. पेनाची रचना मोठी बोलकी आहे. लुईस वॉटरमन यांनी 1884 मध्ये अमेरिकेत जे पेटंट मिळवले त्याचे मर्म हे होते, की शाई बाहेर यायची तर तितकीच हवा आत जाण्यास वाट हवी. बाहेर काही जात नसेल तर आतही काही येत नाही, आणि बंद राहिलेले पेन आतून मरते.

हौसेचे टोक कोणते, याचे एक उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. 2009 मध्ये 'मॉं ब्लां' या परदेशी कंपनीने गांधीजींच्या नावाने सोन्याचे पेन काढले. निबेवर गांधीजींची आकृती, दांडीयात्रेच्या मैलांइतकीच म्हणजे 241 पेने, आणि किंमत प्रत्येकी अकरा लाख रुपयांच्या वर. केरळ उच्च न्यायालयात याचिका झाली आणि 2010 मध्ये कंपनीला विक्री थांबवावी लागली. कायद्याचा मुद्दा नावाच्या व्यापारी वापराचा होता. नैतिक मुद्दा त्याहून साधा आहे. राजमहेंद्रीच्या रत्नम् यांनी 1930 नंतरच्या स्वदेशीच्या काळात देशी पेन घडवले, तेव्हा गांधीजींनी ते वापरून पाहिले आणि परदेशी पेनांना हा चांगला पर्याय दिसतो, असे 1935 मध्ये त्यांना कळवले. त्या पेनाचा सन्मान वापरण्यात होता. 2009 चे पेन वापरण्यासाठी नव्हतेच.

गांधीजींचीच आणखी एक आठवण येथे सांगितली पाहिजे. ती काकासाहेब कालेलकरांनी लिहून ठेवली आहे. काकासाहेबांचे बेळगुंदीशी नाते, म्हणजे आठवण एका अर्थी आमच्या घरचीच. मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाच्या धामधुमीत गांधीजी काहीतरी शोधत होते. काय हरवले, तर पेन्सिल. काकासाहेबांनी स्वतःची पेन्सिल पुढे केली. ती त्यांनी घेतली नाही. मद्रासच्या नटेसन यांच्या लहान मुलाने ती त्यांना प्रेमाने दिली होती आणि ती हरवणे त्यांना सहन होत नव्हते. दोघांनी शोधून ती काढली, तेव्हा ती जेमतेम दोन इंचांचा तुकडा होती. अपरिग्रहाचे व्रत घेतलेल्या माणसाचा एका तुकड्यासाठी हा जीव का तुटावा? आम्हांला वाटते, त्या तुकड्यावर त्यांची मालकी नव्हती, म्हणूनच. तो एका मुलाचा विश्वास होता आणि गांधीजी त्याचे विश्वस्त होते. वस्तूचा अपराध होत नाही. वस्तूच्या आडून माणसाचा होतो. आमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते.

उरलेले अर्धे आमच्या दुसऱ्या चुकीने दिले. ही चूक लोभाची.

शहापूर हे पूर्वी सांगली संस्थानातले गाव. हातमागांचे आणि सराफीचे. येथे तराजूचे महत्त्व मुलालाही समजते. अशा गावात आमचे एक स्नेही शिक्षक होते. ते वारल्यानंतर वर्षभराने त्यांच्या पत्नीने, म्हणजे वहिनींनी, त्यांचे पेन आम्हांला दाखवले आणि 'पन्नास रुपये द्या' म्हणाल्या. ते 'पार्कर 51' होते. 1941 मध्ये बाजारात आलेले, निब जवळजवळ झाकलेली असणारे हे पेन ओळखायला आम्हांला क्षणही लागला नाही, आणि त्याची किंमत पन्नास रुपयांच्या कितीतरी पट आहे हेही आम्हांला ठाऊक होते. आम्ही पन्नास रुपये दिले. खोटे एक अक्षरही बोललो नाही. बोललोच नाही.

न बोलणे हा अपराध आहे का, हा वाद फार जुना आहे. रोमच्या सिसेरोने आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथात तो मांडला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडलेला; एक व्यापारी धान्य घेऊन येतो; मागून आणखी गलबते येत आहेत हे त्याला ठाऊक आहे. त्याने ते गिऱ्हाइकांना सांगावे, की गप्प राहून चढा भाव घ्यावा? डायोजेनिस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, आपल्या फायद्यासाठी दुसऱ्याला अज्ञानात ठेवणे माणुसकीच्या विरुद्ध आहे. सिसेरोचा कौल अँटिपेटरकडे. आपल्याकडे यासाठी रोमला जाण्याचीही गरज नाही. महाभारताच्या शांतिपर्वात तपाचा गर्व झालेल्या जाजलीला धर्म शिकण्यासाठी काशीच्या तुलाधार वाण्याकडे जावे लागते. त्या वाण्याचा तराजू सर्वांसाठी सारखा असतो, इतकेच त्याचे तप. आमच्या तराजूच्या एका पारड्यात त्या दिवशी आमचे ज्ञान होते आणि ते आम्ही झाकून ठेवले होते.

दोन वर्षे ते पेन आमच्या खणात पडून होते. बाहेर काढले की पन्नास रुपये आठवत. शेवटी एके दिवशी योग्य ती रक्कम पाकिटात घालून आम्ही वहिनींकडे गेलो आणि सारे सांगून टाकले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "भावजी, किंमत मला माहीत होती. थोरल्यानं सांगितलं होतं. तुम्ही लिहिणारे, म्हणून तुम्हांला दिलं. फुकट दिलं तर घेणार नाही म्हणून पन्नास म्हटलं." आणि थोड्या वेळाने विचारले, "चालतं का अजून? काय काय लिहिलंत?"

आम्ही काहीही लिहिले नव्हते.

या प्रसंगाचा विचार करताना दोन सोप्या निष्कर्षांपासून दूर राहिले पाहिजे. वहिनींना किंमत माहीत होती, म्हणजे आमचा लोभ निर्दोष ठरला, असे नाही. त्यांना ती माहीत आहे हे आम्हांला माहीत नव्हते. आमचा हेतू होता तसाच राहतो. दैवाने परिणाम टळला म्हणून कृत्य धुऊन निघत नाही. पण तितकेच खरे हेही, की दोन वर्षे आम्ही ज्या चुकीसाठी झुरत होतो ती त्यांच्या लेखी चूकच नव्हती, आणि जी त्यांना लागली तिच्याकडे आमचे लक्षही नव्हते. पश्चात्तापातही माणूस स्वतःभोवतीच फिरत राहतो. आपण किती वाईट वागलो याचा हिशेब तो मांडतो. समोरच्याने आपल्यावर काय सोपवले होते हे मात्र विचारत नाही. आमची खरी चूक पन्नास रुपयांची नव्हती असे नव्हे. ती तेवढीच नव्हती.

लेखणी, पोथी आणि स्त्री परक्याच्या हाती गेली की गेलीच, अशा अर्थाचे एक सुभाषित आपल्याकडे पाठ केले जाई. त्यातल्या तिसऱ्या शब्दापाशी आज कुणीही सुजाण वाचक अडखळेल, आणि अडखळावेच. ज्याने माणसाला वस्तूंच्या यादीत घातले त्याला वस्तूतले माणूस दिसणार नाही. सुभाषितकाराला परक्या हाताची भीती आहे. आमचा अनुभव उलटा आहे: लेखणी खरोखर गेली ती आमच्याच खणात.

वहिनींनी पाकीट घेतले नाही. आग्रह केल्यावर त्यातले पैसे त्यांनी स्नेह्यांच्या शाळेतील मुलांच्या वह्यांसाठी द्यायला सांगितले, ते आम्ही दिले. पेन आता रोज भरतो. त्याची निब स्नेह्यांच्या हाताच्या कलाप्रमाणे झिजलेली आहे. आमचा हात थोडा वेगळा पडतो, म्हणून आडव्या रेघेला ती किंचित खरखरते. ती घासून नीट करण्याचा मोह आम्ही आवरला आहे.

वडिलांच्या पेनाचे मात्र अजून ठरत नाही. त्याच्यावर नाव पुन्हा कोरून घ्यावे असे घरातले म्हणतात. जुन्या कागदांवर वडिलांची सही आहे. तिच्यावरून नाव उठवून देईन असे त्या कारागिराचेही म्हणणे आहे. पण ते नाव वडिलांनी कोरून घेतलेले नसेल. आम्ही कोरून घेतलेले असेल. आमच्या नातवाला ते उद्या खरे वाटेल आणि त्याला तसे वाटू देण्याचा आम्हांला अधिकार आहे का, हे आम्हांला कळत नाही. तूर्त पेन कोरेच आहे. कुणी विचारले की नाव कसे गेले ते आम्ही सांगतो.