ठाऊक असूनही न सांगणे



जुनी डिझेल पिकअप विकत घेणे हा अनेक कुटुंबांसाठी मोठा निर्णय असतो. भाजी, विटा किंवा मंडपाचे सामान वाहून तिच्यावर घर चालवायचे असते आणि पैसे बहुधा कर्जाऊ असतात. अशा व्यवहारात विकणाऱ्याने स्वतःहून किती सांगावे, याचा आज आपण विचार करू.

अमेरिकेतील एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. फोर्डच्या सुपर ड्युटी पिकअपमध्ये २००३ ते २००७ च्या मॉडेलांत ६.० लीटरचे 'पॉवर स्ट्रोक' डिझेल इंजिन मिळे. इंजिन ताकदवान, पण त्याचे दुखणे ठरलेले. ऑइल कूलरच्या बारीक वाटा गाळाने तुंबतात. मग ईजीआर कूलरला पुरेसे कूलंट मिळत नाही आणि तो फुटतो. कूलंट इंजिनात शिरते आणि पुष्कळदा हेड गॅस्केटही जाते. हे दोन्ही कूलर बदलून हेडला मजबूत स्टड बसवले, तर तीच गाडी पुढे चांगली चालू शकते.

विकणारा म्हणेल, "या इंजिनाचे दोष सर्वांना ठाऊक आहेत. घेणाऱ्याने चौकशी करावी." यात थोडे तथ्य आहे. पण जगाला ठाऊक असतो तो मॉडेलचा दोष. याच गाडीचे कूलंट वारंवार कमी होते का, कोणते काम केले आणि कोणते पुढे ढकलले, हे फक्त मालकाला ठाऊक असते. इंजिन धुऊन, कूलंट भरून गाडी दाखवली की घेणाऱ्याला काय दिसणार?

कायदा येथे फार मदत करत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १७ मध्ये घोड्याचे उदाहरण आहे. घोडा सदोष आहे हे ठाऊक असून मालक लिलावात गप्प राहिला, तर ती फसवणूक ठरत नाही. पण घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. धर्मग्रामात आपण एकमेकांना बंधुभगिनी म्हणतो. मग आपल्याला यातला कोणता नियम लागू व्हावा?

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात 'सुम्मा थिओलॉजिका' या ग्रंथात हाच प्रश्न घेतला. त्यांनी नात्याची अट घातली नाही. दोष उघड असेल, जसे घोड्याला एकच डोळा असणे, आणि किंमत त्या मानाने कमी केली असेल, तर तो बोलून दाखवण्याची गरज नाही. पण दोष लपलेला असून त्याने घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल किंवा त्याला धोका असेल, तर तो सांगितलाच पाहिजे. दोष सांगितल्याने भाव पडतो, हे खरे. पण तो पडलेला भावच त्या गाडीचा खरा भाव असतो. त्यावरची रक्कम आपण दुसऱ्याच्या अज्ञानातून घेतो.

घेणाऱ्यावरही जबाबदारी आहे. विकणाऱ्याने अजाणता सोने पितळेच्या भावात दिले आणि घेणाऱ्याला ते ठाऊक असेल, तर त्याने भरपाई केली पाहिजे, असे संत थॉमस सांगतात. पती वारल्यावर एखादी भगिनी त्याची गाडी विकते. इंजिनाचे सर्व काम झाले आहे, हे तिला ठाऊक नसते, पण पाहायला आलेल्या मेकॅनिकला कळते. अशा वेळी मॉडेलच्या बदनामीचे निमित्त करून भाव पाडणे हाही अन्यायच.

म्हणून गाडी विकताना दुरुस्तीची बिले न मागता पुढे ठेवू या, आणि जे काम राहिले ते तोंडाने सांगू या. घेताना आपला मेकॅनिक नेऊ या आणि सरळ प्रश्न विचारू या. आपल्याला विकताना जे सांगणे जड जाते, बहुधा तेच घेणाऱ्याने ऐकणे सर्वांत गरजेचे असते.