तिसऱ्या घंटेआधी

सावकाश वाचा. मध्येच डोळे मिटावेसे वाटले तर मिटा.

रत्नागिरीचं स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृह मनात आणा. राज्य नाट्य स्पर्धेच्या कितीतरी प्राथमिक फेऱ्या या रंगमंचाने पाहिल्या आहेत. आज मात्र इथे एका शाळेचं स्नेहसंमेलन आहे, असं समजा. दोन घंटा झाल्या आहेत. पडद्यापलीकडे आईवडिलांचा, आजीआजोबांचा गलका आहे. तो ऐकू येऊ द्या.

आता नजर विंगेत न्या. आठवीतली एक मुलगी तिथे उभी आहे. तिला आज एकही वाक्य बोलायचं नाही. हातात संहितेची प्रत, समासात पेन्सिलीच्या खुणा: इथे दिवे मंद, इथे वीज कडाडते, इथे अंधारात खुर्ची उचलायची. क्षणभर तिच्या जागी उभे राहा. बोलणारा बोलतो आहे आणि तुम्ही त्याच्या पुढच्या वाक्याची वाट पाहता आहात. वाक्य त्याचं, पण ते पोचेल की नाही हे तुमच्या हाती आहे. दुसऱ्याच्या बोलण्याकडे इतकं लक्ष आपण शेवटचं कधी दिलं होतं?

उत्तराची घाई नको.

वर पाहा. हजार वॉटचा एक ‘पार’ (PAR) दिवा लटकतो आहे. 230 व्होल्टवर तो सुमारे 4.3 अँपिअर प्रवाह घेतो. असे चार दिवे एकाच सॉकेटवर घेतले तर बेरीज 17 च्या वर जाते आणि सॉकेट असतो 16 अँपिअरचा. वायर जोडण्याचं काम वायरमननेच करावं, त्यात तडजोड नाही. पण हा हिशेब त्या मुलीने आधी कागदावर मांडलेला असावा. विज्ञानाच्या पुस्तकातलं सूत्र तिला इथे पहिल्यांदा गरम लागतं. दिवा दुप्पट लांब नेला तर उजेड निम्मा होत नाही, चौथाईवर येतो, हेही तिला आपल्याच मैत्रिणीच्या अंधारलेल्या चेहऱ्यावरून कळतं. असं कळलेलं सहसा विसरलं जात नाही.

आता कान उघडे ठेवा. माईकने स्पीकरमधून आलेला आपलाच आवाज पुन्हा उचलला की कर्कश शिट्टी वाजते. सवयीने हात मिक्सरकडे जातो. शिकलेला मुलगा आधी पाहतो, माईक स्पीकरच्या तोंडासमोर तर आला नाही ना. आणि रत्नागिरीत आणखी एक धडा असतो: खाऱ्या, दमट हवेत माईकच्या पिना काळवंडतात, मग आवाज तुटू लागतो. म्हणून प्रत्येक केबल आदल्या दिवशी तपासायची, पुसायची, खूण करून ठेवायची. या कंटाळवाण्या कामापाशी थोडं रेंगाळा. त्याला टाळ्या मिळत नाहीत. तरी ते मन लावून करणारं मूल आतून कसं घडत असेल?

आपल्या कोकणातल्या वाड्यांना हे पडद्यामागचं काम परकं नाही. नमन या लोककलेच्या रात्री संकासुर आणि गौळणी समोर असतात. पण अंगणात मांडव, उजेड, बसायची सोय, मृदंगाची जागा, पहाटेपर्यंत चहा, हे सगळं वाडीतलेच कुणी ना कुणी निभावतात. शिमग्याची पालखी कोणत्या घरी कधी, खांद्याला कोण, पुढे कोण, हेही ठरलेलं असतं. अशा घरातून आलेल्या मुलाच्या अंगात ही शिस्त असते. शाळेने ती ओळखायला हवी. आज बहुतेक ठिकाणी साउंडवाला आणि मंडपवाला बाहेरून येतो आणि मुलांच्या वाट्याला बाकं उचलणं येतं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत, स्थानिक कारागिरांकडे शिकण्यासाठी. सुतार, वीजकाम करणारा, ध्वनियोजक, रंगभूषाकार हे सगळे एका नाट्यगृहात एकत्र भेटतात. त्या दहांतले दोन दिवस तरी तिथे जावेत.

राज्य नाट्य स्पर्धेत नेपथ्याला, प्रकाशयोजनेला, रंगभूषेला स्वतंत्र पारितोषिकं असतात. शाळेच्या संमेलनात ती का नसावीत, याचा विचार मनात घोळू द्या.

मग एक मूल निवडा, तुमच्या घरातलं किंवा वर्गातलं, पुढे यायला लाजणारं. संमेलन डिसेंबरात असेल तर संहिता आणि पेन्सिल त्याच्या हाती ऑगस्टमध्येच द्या. पहिल्या तालमीपासून त्याला बसू द्या. चुकीच्या ठिकाणी अंधार होईल, तो तालमीतच होऊ द्या. आणि कार्यक्रमपत्रिका छापायला जाईल तेव्हा त्याचं पूर्ण नाव, कामासकट, नटांच्या नावांइतक्याच ठळक अक्षरांत आहे का, ते स्वतः वाचून पाहा.