भक्तीचा आवाज आणि शेजाऱ्याची झोप

चाळीत भिंत नावापुरतीच असते. पलीकडचा खोकला, भांड्यांची आदळआपट, नळावरची बोलणी, सगळे ऐकू येते. म्हणून तिथे कुठेही न लिहिलेली एक शिस्त रुळली. रात्री खलबत्ता वापरायची वेळ आलीच तर खाली पोत्याची घडी घालायची, म्हणजे दणका खालच्या बिऱ्हाडाच्या डोक्यावर उतरत नाही. शेजारी मयत झाली असेल तर रेडिओ दबक्या आवाजात. याउलट तान्ह्याचे रडणे किंवा पहाटेच्या जात्याची घरघर याबद्दल कोणी अवाक्षर काढत नसे. आवाज किती मोठा, यापेक्षा तो टाळण्याजोगा होता का, हे पाहिले जाई.

देवाच्या नावाने होणारा आवाज या कसोटीला उतरतो का? धर्मपरंपरांचे उत्तर एकच नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात विधियज्ञाहून जप दसपट, ओठांतल्या ओठांत केलेला उपांशु जप शतपट आणि मनातला जप सहस्रपट श्रेष्ठ मानला आहे. कुराणाच्या सतराव्या सूरेत नमाजातला आवाज फार चढा नको, अगदी दबकाही नको, असे सांगितले आहे. वारकऱ्यांचे नामसंकीर्तन मात्र मोकळ्या गळ्याचेच. टाळ-मृदंगाविना ते रंगत नाही आणि कार्तिकातली काकड आरती ऐन पहाटे होते. पण त्या आवाजाला माणसाच्या गळ्याची मर्यादा होती आणि काकड्याने जागा होणारा शेजारी बहुधा स्वतःच टाळ घेऊन देवळात उभा असे. कर्ण्याने हे नाते तोडले. रात्रपाळी करून आलेला कामगार असो की अंथरुणाला खिळलेली म्हातारी, कर्णा थेट त्यांच्या उशाशी पोहोचतो. त्याने देवाची सेवा काही वाढत नाही, शेजाऱ्याचा त्रास तेवढा वाढतो.

इतरांची शांतता मोडून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये चेन्नईतील एका चर्चच्या प्रकरणात म्हटले. त्याच वर्षीच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे; रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्यातील रहिवाशांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला: ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही.